वार्षिक शुल्क कोणी भरावे

माणसाने शत्रूचा हेवा करावा, शेजाऱ्याचा करावा, फार तर सख्ख्या भावाचा करावा. पण साडूचा करू नये. शत्रू दिसला की रस्ता बदलता येतो, शेजारी दिसला की दार लावून घेता येतं. साडू मात्र आपल्याच बायकोच्या तोंडून दिवसभर आपल्याच घरात वावरत असतो. "भावोजींनी गाडी बदलली." "भावोजींनी वजन उतरवलं." "भावोजींचा बघा, अजून एक केस पांढरा नाही." यावर माझं म्हणणं असं, की पांढरा व्हायला मुळात केस असावा लागतो. पण हे मी मनात म्हणतो. संसार इतकी वर्षं टिकला तो मी मनात म्हटलेल्या वाक्यांवरच.

माझे साडू चष्म्यांचे दुकानदार आणि मी मुद्रितशोधक. म्हणजे जन्मभर बारीक अक्षरं वाचून मी डोळे घालवले आणि माझ्यासारख्यांच्या गेलेल्या डोळ्यांवर त्यांनी दुमजली दुकान उभं केलं. माझा चष्माही त्यांच्याकडचाच, घरचा माणूस म्हणून सवलतीतला. त्यामुळे त्यांच्याकडे रागाने बघायचं म्हटलं तरी त्यांच्याच काचेतून बघावं लागतं.

तर त्या दिवशी थोरल्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, आम्हाला हॉटेलात जेवायला नेलं. जेवण झालं आणि बिल आलं. बिलावरून झटापट करणं ही एक कला आहे. हात खिशात जोरात घालायचा आणि पाकीट सावकाश काढायचं. यात माझा हात कोणी धरणार नाही. मी "नाही नाही, आज माझ्याकडे लागलं" असं म्हणत नेमक्या गतीने पाकीट काढत होतो, तोवर साडूंनी दोन बोटांत धरून एक सोनेरी कार्ड वेटरपुढे केलं. वेटर गेला, आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "सर, तुमच्या पॉइंटांत बसलं. काही द्यायचं नाही."

काही द्यायचं नाही! म्हणजे या माणसाने आम्हाला जेवू घातलं आणि स्वतःला तोशीसही लावून घेतली नाही. असल्या माणसाचे आभार तरी कसे मानायचे?

"याची फी फार असेल," मी म्हणालो.

"असते, पण माफ करून घ्यायची," साडू दात कोरत म्हणाले. "मागता आलं पाहिजे, साडूभाऊ."

मग त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात आपण चौघांनी विमानाने हिंडून यायचं. "आणि विमानतळावर लोकांसारखं ताटकळत बसायचं नाही. आपली आत बसायची सोय. गुबगुबीत खुर्च्या, हवं ते खा, हवं तितकं खा. कार्ड दाखवलं की आम्ही दोघं आणि वर एक पाहुणा, फुकट."

चौघंही मनातल्या मनात मोजू लागलो.

"मग तू ये गं आमच्याबरोबर," ताई माझ्या बायकोला म्हणाल्या.

"आणि हे?"

"साडूभाऊ बसतील की बाहेर," साडू म्हणाले. "पिशव्यांपाशी कोणीतरी लागतंच."

मला वाटलं, आता ही उसळून म्हणेल, 'हे नाहीत तर मीही नाही.' घरी परतेपर्यंत मी त्या वाक्याची वाट पाहिली. कुलूप उघडताना ती म्हणाली, "अहो, तुम्हाला चालेल ना बाहेर बसलेलं? तुम्ही काय, काहीतरी वाचत बसाल."

झालं. त्याच क्षणी मी ठरवलं: कार्ड घ्यायचं. साडूंपेक्षा कमी फीचं, साडूंपेक्षा जास्त पॉइंटांचं आणि प्रवासाला निघायच्या आत. माझी बायको जर गुबगुबीत खुर्चीत बसणार असेल, तर ती माझ्या कार्डावर बसेल.

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट घ्यायची ठरवली, की ती घरात यायच्या आधी सल्ले येतात. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यातच भेटले. त्यांना समोरच्याने तोंड उघडलेलं चालतं, पण बोललेलं चालत नाही. "फी बघू नका, पॉइंट बघू नका, व्याज बघा," ते म्हणाले. "कार्डाचं किडीसारखं असतं. सुरुवातीला गोड लागतं. दुखायला लागतं तेव्हा मुळापर्यंत गेलेलं असतं." एवढं बोलून त्यांनी सवयीने माझ्या दाढांकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर शहरातल्या झाडून सगळ्या बँकांच्या कार्डांना गुण दिले. फीला इतके, पॉइंटांना इतके, टापटिपीला इतके. दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी निकाल सांगितला, "एकही उत्तीर्ण नाही. ज्याची फी कमी त्याचे पॉइंट नापास, ज्याचे पॉइंट बरे त्याची फी उनाड. एखाद्याला कृपागुण देऊन वर ढकलता येईल, पण माझ्या तत्त्वात बसत नाही."

मला मात्र एवढा अभ्यास नको होता. हेवा माणसाचं काम सोपं करतो. साडूंची जी बँक तीच माझी बँक आणि त्यांचं जे कार्ड त्याच्या एक पायरी वरचं माझं कार्ड.

बाजारातल्या मोठ्या दुकानात सरकत्या जिन्याखाली त्या बँकेची एक मुलगी टेबल टाकून बसायची. येणाजाणाऱ्याला "सर, दोन मिनिटं" म्हणून हाक मारायची आणि लोक वेग वाढवायचे. मी आपण होऊन तिच्यासमोर जाऊन बसलो, तर ती बिचारी घाबरली.

"काका, प्रसाधनगृह त्या बाजूला आहे."

"मला कार्ड हवंय."

"खरंच?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "कसं हवंय?"

"फी कमी, पॉइंट जास्त."

"तसं सगळ्यांनाच हवं असतं काका. मलाही हवंय."

"सोनेरीच्या वरचं काय आहे?"

"'सर्वोच्च' आहे. पण त्याची फी..."

"ती माफ होते. मागता आलं पाहिजे," मी साडूंच्या सुरात म्हणालो. तिने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि अर्ज व नियमांची पुस्तिका हातात ठेवली.

आता इथे मला माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. छापील मजकूर समोर आला, की इतर लोक तो वाचतात. मुद्रितशोधक तो तपासतो. त्याला अर्थाशी देणंघेणं नसतं. रहस्यकथा तपासून झाल्यावर मला कोणी विचारलं, की खून कोणी केला, तर मी सांगतो, 'खू' दीर्घ आहे, बाकी माहीत नाही. त्या पुस्तिकेचं अक्षर मुंगीच्या पायाएवढं होतं आणि मजकूर दुसऱ्या भाषेतून आपल्या भाषेत ओढत आणताना वाटेत बराच खरचटलेला दिसत होता. लाल पेन आपोआप हातात आलं. ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, सुटलेले अनुस्वार बसवले, मोकाट सुटलेल्या स्वल्पविरामांना दावणीला बांधलं. असं करत करत मी फीच्या कलमापाशी आलो. तिथे छापलं होतं:

'वार्षिक शुल्क हे ग्राहकाने बँकेने न चुकता दरवर्षी भरावे.'

एका क्रियापदाला दोन कर्ते! एका खुर्चीवर दोन साहेब बसावेत तसे. यातला एक उठवणं भाग होतं. त्यात त्या वाक्यातला शेवटचा 'भरावे' एकटाच खालच्या ओळीत उतरून पानाच्या तळाशी अनाथासारखा उभा होता. मी अंदाज घेतला. 'ग्राहकाने' काढलं, तर 'भरावे' वर येतो आणि एक ओळ वाचते. ओळ वाचवण्याचं सुख ज्याने भोगलेलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. मी 'ग्राहकाने'वर सुबक लाल रेघ मारली, समासात खूण केली आणि शेवटच्या पानावर हाताच्या सवयीने लिहून टाकलं: 'सुधारणा करून छापावे.' खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज नेऊन दिला. त्या मुलीने अर्ज, फोटो, कागदपत्रं आणि ती पुस्तिका असं सगळं एकत्र करून टाचलं. मी म्हणालो, "पुस्तिका राहू दे ना." ती म्हणाली, "असू द्या काका, फाईल जाड दिसली की लवकर पुढे जाते."

आठवडाभराने बँकेच्या शाखेतून बोलावणं आलं. शाखाधिकारी तरुण होते, पण चेहऱ्यावर सेवानिवृत्तीची ओढ स्पष्ट दिसत होती.

"तुमचा अर्ज नामंजूर झालाय," ते म्हणाले. "तुमची पत निघत नाही."

रांगेत आमच्या इमारतीतल्या दोन बायका उभ्या होत्या.

"हळू बोला," मी म्हणालो. "अहो, आयुष्यात कोणाचं देणं ठेवलं नाही मी. उसनी साखरसुद्धा आणली नाही कधी."

"तेच तर! कधी कर्जच काढलं नाही, तर तुम्ही ते फेडता की बुडवता हे आम्हाला कळणार कसं?"

"म्हणजे मी आधी कोणाचं तरी देणं करून ठेवायला हवं होतं?"

"थोडं तरी. चारचौघांसारखं."

मला राहवलं नाही. मी साडूंचं नाव सांगितलं आणि त्यांची पत काय म्हणून विचारलं. असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. पण नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम गृहस्थ! दुकानाचं कर्ज, गाडीचं कर्ज, ते फेडायला काढलेलं तिसरं कर्ज. अशी माणसं आहेत म्हणून बँका आहेत."

घरी येऊन मी बायकोला एवढंच म्हणालो, की त्या बँकेचं मला काही पटलं नाही. ती म्हणाली, "खालच्या बाई सांगत होत्या, तुमची पत गेली म्हणून."

यानंतर काही दिवस गेले. आणि एका सकाळी साडू पेढ्यासारखा चेहरा करून दारात उभे राहिले.

"साडूभाऊ, बँक आता माझी फी भरणार! दरवर्षी! न चुकता!"

त्याचं असं झालं होतं. जवळचं वाचायचा चष्मा तपासताना साडू गिऱ्हाइकाच्या हातात बँकेची ती नियमपुस्तिका देतात. याहून बारीक अक्षर जगात मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. टपालाने नवी आवृत्ती आली, ती त्यांनी एका म्हाताऱ्या वकिलाच्या हातात दिली. नंबर बरोबर जुळला आणि वकील खणखणीत आवाजात वाचू लागला: 'वार्षिक शुल्क हे बँकेने न चुकता दरवर्षी भरावे.' साडू चष्मा तिथेच टाकून बँकेत धावले. बँकेने पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली, वर विचारलं, आणि शेवटी कापलेली फी त्यांच्या खात्यात परत केली.

माझ्या लक्षात सगळं आलं. माझी जाड फाईल लवकर पुढे गेली होती. मुख्य कार्यालयात अर्ज नामंजूर झाला. पण लाल पेनाने सुधारलेली पुस्तिका उरली आणि तिच्यावर 'छापावे' असा हुकूम होता, खाली सही होती. मोठ्या संस्थेत मजकूर कोणी वाचत नाही, पण 'छापावे' सगळे वाचतात. या टेबलाला वाटलं त्या टेबलाने पाहिलं असेल आणि ती छापली गेली.

"ते मी केलं!" मी ओरडलो. "ती ओळ मी वाचवली! मला पत नाही म्हणाले, आणि माझ्या एका रेघेवर तुमची फी माफ झाली!"

साडूंनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने मान खाली घातली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मागे तुम्ही पंतप्रधानांचं भाषण दुरुस्त केलं होतंत, तसंच ना हे?"

ते भाषण मी दुरुस्त केलं नव्हतं हे कबूल. अशा आणखी एकदोन गोष्टीही मी जरा वाढवून सांगितल्या होत्या. पण जन्मात एकदा खरं बोललो आणि तेही साडूंच्या फायद्याचं निघालं, याहून वाईट काय असतं? साडू जाताना माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "होतं असं कधी कधी, साडूभाऊ. एवढं मनाला लावून घेऊ नका."

ते जाताच मी बँकेत गेलो. सद्‌बुद्धीने गेलो असं वाटून घेऊ नका. मला एवढंच हवं होतं, की मला जे मिळत नाही ते त्यांनाही मिळू नये.

"तो 'ग्राहकाने' परत घाला," मी शाखाधिकाऱ्यांना म्हणालो.

ते खुर्चीतून उठले, दार लावलं आणि पुन्हा बसले. "तुम्ही? ते तुम्ही? अहो, मुख्य कार्यालय त्या सहीच्या माणसाला शोधतंय. ती पुस्तिका माझ्या शाखेतून गेली हे कळलं, तर माझी बदली अशा ठिकाणी होईल, की जिथे शाखाच नाही."

"मग शुद्धिपत्र काढा."

"काय लिहायचं त्यात? दोन 'ने' होते म्हणून तर गोंधळ झाला."

मी कागद ओढला आणि पहिल्यांदाच त्या वाक्याचा अर्थ लावला. माझा चेहरा पडला. मूळ शब्द 'बँकेत' असणार. 'ग्राहकाने बँकेत भरावे.' एका 'ने'च्या जागी 'त' घातला असता, तर काम झालं असतं.

"एवढंच होतं?" ते म्हणाले.

"पण त्याने ओळ वाचत नव्हती," मी म्हणालो.

आमचा समझोता झाला. सही कोणाची हे त्यांनी विसरायचं, पुस्तिका कुठून गेली हे मी विसरायचं. शिवाय बँकेत माझी जी ठेव होती ती अडकवून, तिच्या भरवशावर, मला 'सर्वोच्च' कार्ड द्यायचं. म्हणजे माझाच पैसा मला उधार मिळणार होता आणि तो मी बुडवला, तर माझ्याकडूनच वसूल होणार होता. यालाच पत म्हणतात.

"आणि फी माफ?" मी निघता निघता विचारलं.

"कशी होईल?" ते म्हणाले. "आत्ताच तर तुम्ही लिहून दिलंत. ग्राहकाने, बँकेत, न चुकता."

शुद्धिपत्र निघालं. परत केलेली फी बँकेने परत मागितली. साडूंनी ती द्यायला साफ नकार दिला, म्हाताऱ्या वकिलाकडून पत्रं पाठवली आणि प्रवासाच्या दिवसापर्यंत ते ज्याला त्याला सांगत होते, "कोणीतरी जळका माणूस मुद्दाम बँकेत जाऊन सांगून आला म्हणे!"

"असतात अशी माणसं," मी म्हणत असे.

विमानतळावर त्या आतल्या दालनाच्या दाराशी एक टापटीप बाई उभी होती. साडूंनी दोन बोटांत धरून सोनेरी कार्ड पुढे केलं. यंत्राने तांबडा दिवा दाखवला.

"सर, हे कार्ड बँकेने थांबवलंय."

"पुन्हा बघा."

पुन्हा तांबडा. ताईंचा चेहरा उतरला. या क्षणासाठी मी काय काय केलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी जोरात खिशात हात घातला आणि, आयुष्यात पहिल्यांदा, पाकीटही तितक्याच जोरात काढलं. 'सर्वोच्च'! हिरवा दिवा लागला.

"या सर. नवीन कार्डावर आपण आणि एकच पाहुणा."

मी रुबाबात बायकोकडे वळलो. "चल."

"आणि ताई?" ती म्हणाली.

"ताई बसतील की बाहेर. पिशव्यांपाशी..."

"मी ताईला सोडून नाही येणार," ती एका दमात म्हणाली. अगदी त्याच सुरात, जो मी त्या रात्री घरी परतताना वाटभर ऐकायला आतुर होतो.

"बरं, मग ताईंना नेतो."

"मी हिला सोडून नाही जायची," ताई म्हणाल्या. "तुम्ही दोघं जा की. तुम्हालाच हौस फार." आणि दोघी बहिणी पिशव्या उचलून समोरच्या लोखंडी बाकावर जाऊन बसल्यासुद्धा.

अशा तऱ्हेने मी भरलेल्या फीवर, माझ्या ठेवीवर, माझा पाहुणा म्हणून माझे साडू आत आले. गुबगुबीत खुर्चीत रुतून त्यांनी सूप प्यायलं, केक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाले, "पूर्वीसारखी चव राहिली नाही हो इथे." मी दाताखाली बिस्किट रगडलं.

मग दोघांचंही लक्ष एकदम काचेबाहेर गेलं. त्या दोघी बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मध्ये कसलासा डबा उघडा होता. माझी बायको हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि ताई हसता हसता बाकावरून घसरत होत्या. मग ताईंनी चष्मा नाकावर ओढून, पोट पुढे काढून कोणाची तरी नक्कल केली, आणि माझी बायको डोळे पुसायला लागली. इतकी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"काय हसतायत एवढं?" साडू म्हणाले.

"काय माहीत."

"नक्कल तुमची होती की माझी?"

"चष्मा आपल्या दोघांनाही आहे."

थोडा वेळ आम्ही काचेला नाकं लावून उभे राहिलो. "जाऊ या का बाहेर?" साडूंनी विचारलं. मी दाराशी गेलो.

"सर, एकदा बाहेर गेलात, की या कार्डावर आज पुन्हा आत येता येणार नाही," ती टापटीप बाई नम्रपणे म्हणाली.

मी साडूंकडे पाहिलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर पुन्हा हशा पिकला.

आम्ही परत येऊन बसलो आणि आणखी एकेक कॉफी घेतली. फुकट होती.